बक्षीस द्यायचंय का मदत, ते आधी ठरवा

केज तालुक्यातल्या एका गावातून पत्र आलंय. लांबलचक आहे, जरा कापून देते:

"मॅडम, आमच्या गावच्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थ्यांचा ग्रुप आहे, तेवीस जण, कुणी पुण्यात कुणी संभाजीनगरला नोकरीला. चार वर्षं झाली, वर्गणी काढून बारावीनंतर शिकायला जाणाऱ्या गावातल्या तीन लेकरांना चाळीस-चाळीस हजार देतो. नियम एकच, सीईटीचा (इंजिनिअरिंग वगैरेच्या प्रवेशपरीक्षेचा) स्कोअर, वरचे तीन. मागच्या वर्षी तिसऱ्या नंबरवरून भांडण झालं. एक पोरगा ९३.६ पर्सेंटाइल, वडील गुत्तेदार, दोन वर्षं लातूरला क्लास लावून राहिलेला. त्याच्या खालोखाल एक पोरगी, ८६.२. आईबाप ऊसतोडीला जातात, आजीजवळ राहून शिकली, क्लास नाही. बारावीला मात्र तिला ८२ टक्के आणि त्याला ७४. आम्ही नियमानं पोराला दिले, त्यानं दिवाळीत नवीन मोबाइल घेतला. पोरीचं हॉस्टेल-मेसचं जमलं नाही म्हणून इंजिनिअरिंग राहिलं, आता तालुक्याला बीएस्सीला जाऊन-येऊन करते. नंतर कळलं की तिनं सीईटीत सोळा गणितं तशीच सोडली होती, मायनस मार्किंग असंल म्हणून. आता ग्रुपवर दोन तट आहेत. एक म्हणतात मार्क म्हणजे मार्क, परिस्थिती बघायला लागलो की वशिला घुसला. दुसरे म्हणतात स्कोअर काढूनच टाका, सगळ्यात गरीब त्याला द्या. यंदाची यादी पंधरा दिवसांत करायचीय, काय करावं? आणि एक, यंदा माझा भाचा पण यादीत आहे."

भाऊ,

पत्र दोनदा वाचलं, शेवटचं वाक्य तीनदा. भाच्याकडं मी शेवटी येते.

तुम्ही कार्यक्रमाच्या बॅनरचा फोटो पाठवलाय ना, त्यावर वर मोठ्या अक्षरात 'गुणवंतांचा सत्कार' आणि खाली बारीक अक्षरात 'गरजू विद्यार्थ्यांना आर्थिक मदत' असं छापलंय. तुमचं भांडण तिथंच आहे बघा. ग्रुपमधल्या निम्म्यांनी वरची ओळ वाचून पैसे दिलेत आणि निम्म्यांनी खालची, आणि चार वर्षं कुणी कुणाला विचारलंच नाही की आपण बक्षीस देतोय का मदत. पहिल्या तीन वर्षांत वरच्या नंबरचं लेकरू गरीबही निघालं असंल, म्हणून दोन्ही ओळी खपून गेल्या. गेल्या वर्षी त्या फाकल्या.

बक्षीसच द्यायचं असंल तर स्कोअरवर द्या, मला काही म्हणायचं नाही, धावण्याच्या शर्यतीत पहिल्या आलेल्याला आपण घरी जेवायला काय होतं ते विचारत नाही. पण मदत द्यायची असंल तर स्कोअर तुम्हाला अर्धंच सांगतो. लेकरू पुढचा अभ्यास कितपत पेलंल याचा थोडा अंदाज त्यातून येतो, पण चाळीस हजारानं कुणाचं काय बदलणार हे त्यातून कधीच कळत नाही. गुत्तेदाराच्या पोराचा मोबाइल आला आणि त्या पोरीची इंजिनिअरिंगची सीट गेली, एवढं डोळ्यासमोर घडूनही तुम्ही मला विचारताय, म्हणजे मनातून तुम्हाला उत्तर माहीत आहे. फक्त ग्रुपवर टाकायला कुणाचा तरी दाखला पाहिजे. घ्या, देते.

आधी त्या सोळा गणितांचं. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नसतंय. गणिताचे पन्नास प्रश्न, प्रत्येकी दोन मार्क, चुकलं तर काही कापत नाहीत. सोळा प्रश्न मोकळे सोडायच्या ऐवजी तिनं डोळे झाकून कुठल्याही पर्यायावर क्लिक केलं असतं तरी चारातला एक या हिशेबानं सरासरी चार बरोबर आले असते, चार दुणे आठ मार्क. एक अक्षर जास्त न शिकता! लातूरच्या कुठल्याही क्लासात ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात सांगतात, टेस्ट सिरीजमध्ये लेकरांच्या अंगवळणी पडते, शेवटची दोन मिनिटं राहिली की राहिलेलं सगळं भरून टाकायचं. तिला कुणी सांगितलं नाही. बरं परीक्षा कॉम्प्युटरवर, फिजिक्स-केमिस्ट्रीचे शंभर प्रश्न नव्वद मिनिटांत, मग गणिताला नव्वद मिनिटं, त्यात माऊस हातात धरायची सवय नसलेलं लेकरू प्रश्न वाचायच्या आधी पुढच्या पानावर कसं जायचं हेच बघत बसतं. मी एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवलंय आणि सांगते, ९३ आणि ८६ मधला फरक सगळा गणिताचा नसतो, त्यात क्लासची फी असते, लातूरच्या खोलीचं भाडं असतं, आणि आदल्या रात्री एसटीनं जाऊन परक्या गावात कुठं झोपलं हे पण असतं.

दुसरं म्हणजे पर्सेंटाइल. तुमच्या ग्रुपमध्ये इंजिनिअर असूनही पत्रात तुम्ही एका ठिकाणी "७ टक्क्यांचा फरक" लिहिलंय म्हणून सांगावं लागतंय. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हे. ८६.२ म्हणजे तिच्या सत्रात बसलेल्या शंभरातली साधारण ८६ लेकरं तिच्या बरोबरीनं किंवा तिच्या मागं आहेत. सीईटी वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या सत्रात होते, पेपर वेगळे, म्हणून मार्कांऐवजी पर्सेंटाइल काढतात, तो उपाय बरा आहे. पण लेकरांची गर्दी जिथं दाट असते तिथं चार-दोन प्रश्न इकडचे तिकडं झाले तरी पर्सेंटाइल भराभर हलतं, आणि पार वर ९९ च्या पुढं मात्र बरेच मार्क जास्त मिळाले तरी पॉइंटच्या पुढचाच आकडा सरकतो. म्हणजे पॉइंट सहा आणि पॉइंट दोनवरून कुणाचं नशीब ठरवायला हा आकडा कुणी बनवलेला नाही. आणि तुम्ही तर पीसीएमवाले (फिजिक्स-केमिस्ट्री-गणित) आणि पीसीबीवाले (गणिताऐवजी बायोलॉजी) एकाच यादीत खालीवर लावता! दोन्हींना बसणारी लेकरं वेगळी, त्यातले दोन ९० एकसारखे कसे होतील. मोंढ्यात सोयाबीनचा भाव आणि तुरीचा भाव बघून कुठलं पीक चांगलं आलं हे ठरवण्यासारखं आहे ते.

आता तुमच्यातले जे म्हणतात की सीईटी सोडा, बारावीचे मार्क धरा, त्यांना पण सांगा की तिकडं काही गंगाजल नाही. सायन्सला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत लेखी सत्तर आणि प्रॅक्टिकल तीस, गणितात ऐंशी आणि वीस, ते प्रॅक्टिकलचे मार्क जवळजवळ पुरे कसे पडतात हे मला विचारा, मी स्वतः टाकलेत. सगळे टाकतात, आपणच कमी टाकले तर आपल्याच लेकरांचं नुकसान. आणि आपल्या भागात कुठल्या सेंटरला पेपर सुरू असताना खिडकीला माणसं कशी लोंबकळायची हे मी लिहायची गरज नाही. बोर्डाच्या मार्कात मास्तरची दया असते, सेंटरची हवा असते. सीईटीला निदान खिडकी नसते. त्यामुळं "मार्क म्हणजे मार्क" म्हणणारी माणसं वेडी नाहीत, त्यांनी आयुष्यभर वशिला बघितलाय आणि हा एकच आकडा असा दिसला की ज्याला तहसीलदार, आमदार कुणी हात लावू शकत नाही. (तरी २०२४ ला मेडिकलच्या नीट परीक्षेच्या पेपरफुटीचा तपास लातूरपर्यंत आलाच होता, ते असो.)

पण एकाच परीक्षेवर पैसे वाटले की काय होतं याचा एक जुना किस्सा आहे, अमेरिकेतला. न्यूयॉर्क राज्य सरकार कॉलेजच्या शिष्यवृत्त्या त्यांच्या सॅट नावाच्या परीक्षेच्या स्कोअरवर द्यायचं. १९८७ साली स्पर्धेतल्या लेकरांत मुलगे होते ४७ टक्के, पण मोठ्या रकमेच्या शिष्यवृत्त्यांपैकी ७२ टक्के मुलग्यांना गेल्या. शाळेतल्या मार्कांत मुली मागं नव्हत्या बरं का. मुली कोर्टात गेल्या आणि १९८९ ला न्यायाधीश जॉन वॉकर यांनी सरकारला सांगितलं की एकट्या सॅटवर वाटप बंद करा, शाळेचे मार्क सोबत धरा. कोर्टानं परीक्षा मोडीत काढली नाही, फक्त सगळा भार एकटीवर टाकू नका म्हणाले. तुमच्या त्या पोरीचे ८२ आणि ८६.२ बघून मला हेच आठवलं.

आणि आपल्याकडचं सरकार तरी कुठं नुसत्या मार्कावर देतंय? केंद्राची कॉलेजच्या लेकरांची शिष्यवृत्ती घ्या, बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर पाहिजे आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखाच्या आत, दोन्ही. आठवीची एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा घ्या, उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत असलेल्यांनाच बसता येतं, निवड झाली की नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला बारा हजार. इंजिनिअरिंगला टीएफडब्ल्यूएसच्या पाच टक्के जागा असतात, त्यात ट्यूशन फी माफ, त्याला पण आठ लाखाच्या उत्पन्नाची अट. पण बघा, अट पास झाली की आतमध्ये पुन्हा स्कोअरचीच रांग, म्हणून टीएफडब्ल्यूएसचा कटऑफ बहुतेक वेळा त्याच ब्रँचच्या साध्या जागेपेक्षा वर जातो. म्हणजे गरिबांसाठी ठेवलेली जागा मिळवायला श्रीमंतापेक्षा जास्त स्कोअर पाहिजे, हा आपल्याकडचा विनोद. तुमचा ग्रुप सरकार नाही, तुम्हाला लाखभर अर्ज येत नाहीत, दहा-बारा येतात. एवढ्या लेकरांच्या घरी तुम्ही चालत जाऊ शकता, मग रांग लावायची हौस कशाला?

मी पण हौस केली होती, सांगते. बरीच वर्षं झाली, एका ट्रस्टच्या शिष्यवृत्ती कमिटीवर मला घेतलं होतं, गणिताची बाई म्हणून. मी ताठ, मार्क सोडून काही बघायचं नाही, कुणाचा फोन आला तर अर्ज बाद करीन म्हणून सांगितलेलं. शेवटच्या जागेला दोन पोरं, दोन मार्कांचा फरक. वरचा बँकेतल्या साहेबाचा, खालचा माझ्याच कॉलेजचा. दिले वरच्याला, आणि घरी येऊन मला फार न्यायी वगैरे वाटलं. दुसऱ्या वर्षी तूर विकायला भावासोबत मोंढ्यात गेले तर अडतीवर काट्याजवळ तो खालचा पोरगा पट्ट्या लिहीत बसलेला. कानाला पेन्सिल, बोटाला कार्बनची निळी शाई. मला बघून उठून उभा राहिला, मॅडम चहा घेता का म्हणला. मी म्हणलं तू कॉलेजला होतास ना रे? तर म्हणला, "फी भरली होती मॅडम, मेसचं जमलं नाही." आणि खाली बसून पुढची पट्टी लिहायला लागला, कारण मागं माणसं उभी होती. बासष्ट किलोचं एक पोतं होतं, त्यानं सहा खोडून परत सहा काढला, एवढं मला अजून दिसतं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. पुढच्या वर्षी कमिटीत भांडून नियम करून घेतला की सगळ्यात कमी उत्पन्नाचा दाखला त्याला पहिले पैसे. झालं काय? जालन्याकडची चौदा एकर मोसंबी, ठिबक, दारात जीप, आणि दाखला अठ्ठेचाळीस हजाराचा. त्याच यादीत एका शिपायाचं पोरगं, दीड लाख, कारण शिपायाचा पगार पावतीवर असतो, तो लपवायचा कुठं. शेतीचं उत्पन्न कुणी मोजत नाही, दाखला सेतूत रांग लावून मिळतो. म्हणून "सगळ्यात गरीब त्याला द्या" म्हणणाऱ्या तुमच्या तटाला पण विचारा, गरीब कोण ते कागदावरून ठरवणार का? मग तुमच्या गावात सगळ्यात गरीब गुत्तेदारच निघंल बघा.

तर करायचं काय. स्कोअर उंबरठा म्हणून ठेवा, शिडी म्हणून नको. बारावीला साठ टक्के किंवा सीईटीला साठच्या वर पर्सेंटाइल, दोन्हींपैकी एक काहीही चालंल, किंवा ज्या कॉलेजात शिकलं तिथल्या पहिल्या दहात असलं तरी चालंल, आकडा तुम्ही तुमच्या लेकरांकडं बघून ठरवा. उंबरठा ओलांडला की स्कोअरचं काम संपलं, ८६ असो का ९९, आतमध्ये सगळे सारखे. त्यात मग गरज बघायची, आणि ती घरी जाऊन. दोघांनी जायचं, एक त्या भावकीतला नसलेला, एक बाईमाणूस असली तर उत्तम, कारण घरातली बाई बाईला खरं सांगते. पाच-सहाच गोष्टी विचारा. घरात आधी कुणी पदवीपर्यंत शिकलंय का. आईबाप कोयत्यावर जातात का, मुकादमाची उचल अंगावर आहे का. जमीन किती यापेक्षा पाणी आहे का, आठ एकर कोरडवाहू आणि दोन एकर बागायत यात कोण सुखी ते तुम्हाला माहितीय. क्लास लावला होता का, कुठं आणि किती फी भरली, हे तर नक्की विचारा, त्यातून स्कोअर पण समजतो आणि ऐपत पण. मागं शिकणारी भावंडं किती. प्रत्येकाला शून्य, एक नाहीतर दोन गुण, बेरीज करा, संपलं.

वशिल्याची भीती खरी आहे. पण मी इतक्या कमिट्यांवर बसून बघितलं, वशिला परिस्थिती बघितल्यानं घुसत नाही, नियम नंतर केल्यानं घुसतो. नावं आली, मग कुणाला बसवायचं ते डोळ्यासमोर ठेवून नियम वाकवला, असं होतं. म्हणून हे पाच-सहा प्रश्न आणि त्यांचे गुण अर्ज मागवायच्या आधी एका कागदावर लिहा, तेवीस जणांच्या सह्या घ्या आणि शाळेच्या फळ्याशेजारी चिकटवा. यंदा अर्ज आले असतील तरी अजून कुणाच्या घरी गेला नाहीत ना, मग आजच लिहा. घरोघरचे गुण सगळ्यांसमोर लावायचे नाहीत हां, लेकराच्या बापाची उचल किती हे गावाला वाचायला देऊ नका. ज्याला त्याला त्याचे गुण सांगा, कुणाला शंका आली तर दोघांच्या समोर कागद दाखवा.

आणि शेवटी दोघं-तिघं बरोबरीत आले तर? चिठ्ठी टाका. हसू नका. सरपंचपदाचं आरक्षण तहसीलमध्ये लहान लेकराच्या हातानं चिठ्ठी काढून निघतं आणि अख्खा तालुका ते मान्य करतो, मग चाळीस हजाराला का चालू नये? पॉइंट चारच्या फरकानं हरलेल्या लेकराला वाटतं आपण कमी आहोत. चिठ्ठीत हरलं तर नशीब म्हणून पुढं जातं, आणि खरं सांगायचं तर तो पॉइंट चार पण नशीबच होतं, फक्त त्याला दशांश चिन्ह होतं.

आता ग्रुपवर कुणीतरी हमखास म्हणणार की कमी मार्कवाल्याला दिले तर पैसे वाया जातील. त्यांना एक आकडा सांगा, ७५० पैकी २८२. १९०७ साली बाबासाहेबांना मॅट्रिकला मिळालेले मार्क आहेत ते. पुढं कॉलेजचं जमेना तेव्हा केळूसकर गुरुजींनी सयाजीराव गायकवाडांकडं नेलं, महाराजांनी समोर बसवून प्रश्न विचारले आणि महिना पंचवीस रुपये लावून दिले. १९१३ ला परत त्यांनीच कोलंबियाला पाठवलं. त्याच माणसानं १९५० ला औरंगाबादला मिलिंद कॉलेज काढलं आणि मराठवाड्यातली किती घरं त्यातून वर आली हे तुमच्या ग्रुपमधल्याच काही जणांच्या घरी विचारा. आता गुरुजींनी शब्द टाकला याला वशिला म्हणायचं का? म्हणा हवं तर. गुरुजींना त्यातून काही मिळणार नव्हतं, एवढाच फरक मला दिसतो, आणि सयाजीरावांनी समोर बसवून विचारलं, नुसतं नाव ऐकून दिले नाहीत.

तरी स्कोअर फेकून देऊ नका, तो वेगळ्या कामाला येतो. सीईटीच्या स्कोअरकार्डावर विषयवार पर्सेंटाइल असतं, ते वाचा. गणिताचं पर्सेंटाइल बाकी दोन विषयांपेक्षा बरंच खाली असंल तर ते लेकरू इंजिनिअरिंगच्या पहिल्याच सेमिस्टरला एम-वन म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरात अडकणार, मी असे ढीगभर बघितलेत, हुशार पोरं पण पाया कच्चा, आणि पहिला बॅकलॉग लागला की घरी सांगत नाहीत, मग दुसरा, मग गावाकडं परत. तुमच्यात पाच-सहा इंजिनिअर आहेत म्हणता, एकानं एक लेकरू वाटून घ्यावं, रविवारी तासभर फोनवर बसवून इंटिग्रेशन करून घ्यावं, ऍडमिशनपासून डिसेंबरपर्यंत. याला वर्गणी लागत नाही. माझा अनुभव असाय की लोक चाळीस हजार देतात पण तास देत नाहीत, बघा तुमच्यात कोण निघतंय.

पैसे पण एकदम देऊ नका, आणि सत्काराच्या दिवशी पाकिटात तर नकोच. २०२४-२५ पासून आठ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना कॅप राउंडमधून (सरकारी प्रवेशफेरीतून) व्यावसायिक कोर्सला ऍडमिशन घेतलं तर ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ आहे, मुलांना पण शाहू महाराज योजनेत निम्मी सवलत मिळते, प्रवर्गाच्या योजना वेगळ्या. म्हणजे फीपेक्षा खरी अडचण हॉस्टेल, मेस, प्रवास आणि सुरुवातीचे दोन महिने. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून शिष्यवृत्तीचे पैसे यायचे तेव्हा येतात, तोवर काही कॉलेजं लेकराला काउंटरवर उभं करून आधी भरा म्हणतात. तुमचे पैसे ऍडमिशनच्या आठवड्यात पोचले तर चाळीस हजाराचं मोल लाखाचं आहे आणि दिवाळीत पोचले तर मोबाइलचं. पंधरा हजार लगेच, बाकीचे मेसचे महिन्याला, असं करा.

त्या गुत्तेदाराच्या पोराला मात्र वाईट बोलू नका. तो दोन वर्षं लातूरच्या दहा बाय दहाच्या खोलीत डबा खाऊन राहिला, घोकून घोकून ९३ आणले, त्यात त्याचा काय गुन्हा, तुम्हीच नियम तसा केला होता. अशांचा सत्कार वेगळा ठेवा, शाल, नारळ, एखादं चांगलं पुस्तक, गावासमोर नाव पुकारा, फोटो काढा. बॅनर दोन छापा. हौसेचं हौसेच्या जागी राहू द्या.

आणि ती पोरगी. पत्रात तुम्ही तिच्याबद्दल सगळं सांगितलं पण तिला आता काय करायचंय हे कुणी विचारलंय का? बीएस्सीत तिचं मन लागलं असंल तर तिथंच मदत करा, बीएस्सी झाल्यावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायचा पण रस्ता आहे, त्याच्या अटी आत्ताच बघून ठेवायला सांगा. परत सीईटी द्यायची म्हणली तर पुढच्या वर्षीचा फॉर्म भरून द्या आणि दोन सराव परीक्षा कुणाच्या तरी लॅपटॉपवर करून घ्या, माऊस हातात देऊन. तीन नावांच्या यादीत चौथं नाव घालायला तेवीस जणांना माणशी किती पडतं याचा हिशेब मी घातला, सतराशे चाळीस रुपये.

अजून एक, तुमच्या शाळेतली आठवीची लेकरं एनएमएमएसला बसतात का? नसतील तर मुख्याध्यापकांना भेटा, बारावीला पोचेपर्यंत थांबायचं कशाला.

आता भाचा. तुम्ही स्वतःहून लिहिलंत हे मला आवडलं, नाहीतर लोक तेवढंच लपवतात. त्याचा अर्ज येऊ द्या, त्याच्या घरी तुम्ही जायचं नाही, गुण तुम्ही द्यायचे नाहीत, आणि ज्या दिवशी यादी ठरंल त्या दिवशी चहा सांगायला तुम्हीच खाली जा. सगळ्यांसाठी सांगा, तेवीस कप यायला वेळ लागतो.

तुमची,
मॅडम